नववीला ‘ऊती’ शिकवायच्या आहेत: वर्गात प्रत्यक्ष काय काय दाखवता येईल?

नववी_ब_कळवा

नमस्कार. नववीच्या वर्गासाठी मदत हवी आहे. मुलं ४६, दोन जोडतासिका मिळून साधारण १४० मिनिटं, आणि चालू अवस्थेतले सूक्ष्मदर्शी दोन. त्यातल्या एकाच्या ४०च्या (४० पट मोठं दाखवणाऱ्या) वस्तुभिंगातून सगळं धुक्यातून पाहिल्यासारखं दिसतं. कायमस्वरूपी स्लाइड ११ आहेत, पण निम्म्यांचा रंग उडालाय.

पेशी, ऊती, अवयव, संस्था ही उतरंड मुलांना पाठ आहे. ‘समान रचना व समान कार्य असणाऱ्या पेशींचा समूह म्हणजे ऊती’ हेही घडाघडा सांगतात. प्रश्न जरा वळवला की मात्र अडतात. रक्तातल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, त्या एकसारख्याही नसतात, मग रक्ताला ऊती का म्हणायचं? हाड जिवंत की मेलेलं? एक अवयव दोन संस्थांमध्ये असू शकतो का?

थर्माकोलची प्रतिकृती नको आहे. कळवा-ठाण्याच्या बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून, ५०० रुपयांच्या आत, हाताने उलगडून दाखवता येईल असं काही हवंय. काही मुलं मांसाहारी नाहीत, त्यामुळे वनस्पतींचे प्रयोगही तितकेच भरीव हवेत. नेमकं काय आणायचं, किती, कोणत्या क्रमाने करायचं आणि कुठे फसतं, एवढं सांगाल का?

शरीररचना_नौपाडा

ताई, पहिली सूचना क्रमाबद्दल. पुस्तक पेशीपासून वर चढतं. वर्गात उलटं करा. अवयव हातात द्या आणि तो उलगडत पेशीपर्यंत उतरा. पेशीपासून सुरुवात केली की मुलांच्या डोक्यात अवयव म्हणजे विटांचा ढीग बसतो. अवयवापासून निघालं की त्यात निरनिराळ्या ऊती ठरलेल्या जागी, ठरलेल्या थरांत बसलेल्या आहेत हे बोटांना कळतं.

याला इतिहासाचाही आधार आहे. ‘ऊती’ ही कल्पना पेशी सिद्धान्ताच्या आधीची. फ्रान्सच्या झेव्हियर बिशा यांनी १८०१ च्या सुमारास शरीरातल्या २१ ऊती वेगळ्या ओळखल्या, आणि त्या सूक्ष्मदर्शी न वापरता. अवयवाचे तुकडे ते उकळत, वाळवत, कुजवत, आम्लात टाकत आणि कोणता भाग कसा वागतो ते पाहत. श्लायडेन आणि श्वान यांचा पेशी सिद्धान्त आला १८३८-३९ मध्ये. म्हणजे दोनच सूक्ष्मदर्शी असणं ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही.

दुकानदाराला आदल्या दिवशी सांगून कोंबडीची अख्खी तंगडी घ्या. मांडी, पोटरी आणि खाली पंजा, सगळं जोडलेलं. एरवी पंजा घोट्याच्या सांध्यापाशी तोडून टाकतात, म्हणून आधी सांगायचं. सहा गटांना सहा तंगड्या महाग पडतील. दोन पुरतात, बाकी गटांना नुसते पंजे द्या, ते दुकानदार जवळपास फुकट देतो.

मांडीवरची त्वचा ओढून वर करा. त्वचा आणि मांस यांच्यामध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखा पांढरट, ओलसर पापुद्रा ताणला जातो. ती विरल संयोजी ऊती. तिच्या आसपास पिवळे गोळे दिसतात ती चरबीयुक्त ऊती. आता मांसाचे गठ्ठे बोटांनी एकमेकांपासून सुटे करा, सुरी नको. प्रत्येक गठ्ठ्याला स्वतःचं चकचकीत वेष्टण असतं, आणि टोकाकडे गठ्ठा निमुळता होत मोत्यासारख्या पांढऱ्या दोरीत संपतो. ही दोरी स्नायूरज्जू, ती हाडाला जाऊन भिडते. हाडाला हाडाशी बांधणारे पट्टे सांध्यात दिसतील, ते अस्थिबंध. हाडाच्या टोकाशी निळसर पांढरी, बुळबुळीत टोपी दिसते ती कास्थी. ब्रॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांचीच असते, त्यामुळे कास्थीचा थर जाड असतो आणि साध्या सुरीने त्याची चकती निघते.

इथे मराठीची एक अडचण आहे आणि ती वर्गात मुद्दाम काढावी. आपण रक्तवाहिनीलाही ‘शीर’ म्हणतो, चेतेलाही शीर आणि स्नायूरज्जूलाही शीरच. शिरेवर शीर चढली म्हणतो तेव्हा खरं तर स्नायू आखडलेला असतो. मांडीच्या मागच्या बाजूला दोन स्नायूंच्या मधून दोन-तीन मिलिमीटर जाडीचा, पांढुरका, मऊ दोरा जातो ती चेता. तिच्याच बाजूने गडद रंगाची, दाबली की चपटी होणारी नळी जाते ती रक्तवाहिनी. आणि टोकाला हाडात रुतलेली, ओढली तरी न ताणली जाणारी पांढरी दोरी तो स्नायूरज्जू. तिन्ही ‘शिरा’ एकाच तंगडीत शेजारी शेजारी दाखवा. एकदा बोटाने चाचपल्या की मुलं पुन्हा गोंधळत नाहीत.

सुट्या पंज्याच्या कापलेल्या बाजूला पांढऱ्या दोऱ्यांची टोकं बाहेर आलेली दिसतात. मागच्या बाजूची दोरी चिमट्यात घट्ट धरून ओढली की बोटं आवळतात, पुढची ओढली की उघडतात. स्नायू तिथे नाहीच, तो वर पोटरीत राहिलाय, तरी पंजा हलतो. ताण निर्माण करणं स्नायू ऊतीचं काम, तो पोचवणं संयोजी ऊतीचं. दोरी निसटत असेल तर चिमट्याला कापडाचा तुकडा गुंडाळा.

सूक्ष्मदर्शीखाली न्यायचं ते मांस १० मिनिटं उकळून घ्या. शिजवलेल्या चिकनची जी रेष हाताने सुटते ती पेशी नव्हे. तो शेकडो स्नायूपेशींचा जुडगा आहे, एकेक पेशी १० ते १०० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाड. म्हणून स्लाइडवर पाण्याच्या थेंबात दोन टाचण्यांनी ती रेष उभी फाडत राहा, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकी. मिथिलीन ब्लूचा एक थेंब, दोन मिनिटं, जास्तीचा रंग टिपकागदाने काढा, कव्हरस्लिप ठेवा. ४०च्या भिंगाखाली आडवे पट्टे दिसतात. दिसले नाहीत तर बहुतेक वेळा प्रकाश जास्त असतो. डायफ्रॅम (प्रकाश कमी-जास्त करणारी झडप) निम्म्याहून जास्त बंद करा, पट्टे उठून येतात.

त्याच दुकानातून कलेजी-पेटाही घ्या (पेटा म्हणजे कोंबडीच्या जठराचा अन्न दळणारा जाड भाग). तंगडी म्हणजे पट्टकी (आडवे पट्टे असलेला) स्नायू, पेटा म्हणजे अपट्टकी आणि छोटं हृदय म्हणजे हृदय स्नायू. तिन्ही प्रकार एका पिशवीत येतात. पेट्याचा लालभडक रंग पाहून मुलं त्याला पट्टकी ठरवतात, पण आडवे पट्टे तिथे सापडणार नाहीत. दुकानदाराला पेट्याच्या आतली पिवळी साल काढू नकोस म्हणून सांगा. ती साल अख्खी सोलून निघते, आणि ती ऊती नाही. खालच्या ग्रंथींनी पाझरलेला पदार्थ घट्ट होऊन बनलेलं ते अस्तर आहे, त्यात पेशींची रचना नाही. अवयवातली प्रत्येक गोष्ट पेशींचीच नसते, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

हाच धागा धरून रक्त आणि हाडाकडे जा. ऊतीच्या व्याख्येत ‘समान पेशी’ एवढंच धरलं की संयोजी ऊती कधीच बसत नाहीत. समान उगम, एकत्रित कार्य आणि पेशींच्या मधला पदार्थ या तीन गोष्टी धरा. रक्तात तो पदार्थ द्रव आहे. रक्ताचा साधारण ५५ टक्के भाग प्लाझ्माचा, आणि उरलेल्या सगळ्या पेशी अस्थिमज्जेतल्या एकाच प्रकारच्या मूळपेशींपासून आलेल्या. कास्थीत तोच पदार्थ जेलीसारखा घट्ट, हाडात खनिजांनी टणक झालेला. हाडाच्या त्या टणक पदार्थात बारीक पोकळ्या असतात आणि प्रत्येक पोकळीत एक जिवंत पेशी बसलेली असते. मोडलेलं हाड जुळून येतं ते त्याच्या पेशी जिवंत असतात म्हणूनच.

प्रयोगशाळा_वाशी

त्या धूसर ४०च्या भिंगाबद्दल आधी बोलतो, नाहीतर वरचं काहीच दिसणार नाही.

डाग कुठे आहे ते शोधा. नेत्रभिंग हाताने फिरवा. डागही फिरला तर तो नेत्रभिंगावर आहे. स्लाइड सरकवल्यावर सरकला तर स्लाइडवर. दोन्हींनी हलला नाही आणि वस्तुभिंग बदलल्यावर गेला तर वस्तुभिंगावर. ४०चं भिंग स्लाइडपासून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येतं, त्यामुळे ग्लिसरिन किंवा रंग त्याला लागतो आणि वाळून बसतो. दहापैकी आठ वेळा दोष एवढाच असतो. लेन्स पेपर आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओला करून मधून बाहेर गोल पुसा. रुमाल, कापूस, शर्टाचं टोक नको, चरे पडतात. पुसूनही जाळीसारख्या शाखा दिसत राहिल्या तर ती बुरशी आहे. ठाण्या-मुंबईच्या पावसाळ्यात लाकडी कपाटात बंद ठेवलेल्या सूक्ष्मदर्शीला ती हमखास धरते, आणि आतल्या बाजूला असेल तर दुरुस्तीवाल्याकडेच द्यावा लागतो. जून ते सप्टेंबर पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरा. तो तवा मात्र स्वयंपाकाचा नको.

कच्च्या कोंबडीबद्दल: साल्मोनेला हा खरा धोका आहे. हातमोजे, बाकावर प्लास्टिक, तासभराहून जास्त वेळ बाहेर ठेवायची नाही, शेवटी साबणाने हात, आणि ट्रे घरगुती ब्लीचच्या द्रावणात १० मिनिटं. वापरलेलं मांस कुणी घरी न्यायचं नाही. फॉर्मालिन शाळेत आणूच नका. बंद वर्गात ते डोळ्यांना आणि घशाला झोंबतं आणि या प्रयोगांना त्याची गरज नाही.

वनस्पतीशास्त्र_नेरूळ

नौपाड्याच्या सरांचं ‘वरून खाली’ मला पटतं, पण त्यासाठी मांसच हवं असं नाही. एका कांद्यातही तेच होतं. कांद्याची एक जाड पाकळी म्हणजे पान, म्हणजेच अवयव. तिच्या आतल्या खोलगट बाजूचा पारदर्शक पापुद्रा म्हणजे अपित्वचा, ही ऊती. त्यातला एकेक चौकोन म्हणजे पेशी, लांबी साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर. तीन पायऱ्या, एक वस्तू.

पाकळी बाहेरच्या बाजूने अर्धी मोडा, पापुद्रा आपोआप लोंबतो. चिमट्याने तो ओढून लगेच पाण्यात टाका. हवेत १० सेकंद राहिला तरी गुंडाळी होते आणि मग उलगडत नाही. पाण्यातच ५ मिलिमीटरचा चौकोन कापा, ब्रशने स्लाइडवर घ्या, सॅफ्रॅनिनचा (लाल रंगद्रव्याचा) एक थेंब, अर्धा मिनिट, धुवा, मग पाण्याचाच थेंब आणि कव्हरस्लिप एका कडेने ४५ अंशांत टेकवून हळू सोडा. बरीच पुस्तकं इथे ग्लिसरिन सांगतात. त्याचा फायदा स्लाइड न वाळण्याचा, पण घट्ट ग्लिसरिनने पेशीतलं पाणी ओढलं जातं. ताज्या निरीक्षणाला पाणीच बरं. हवेचे बुडबुडे काळ्या जाड कडेचे गोल दिसतात आणि मुलं हौसेने त्यांनाच केंद्रक म्हणून काढतात. आधी एक बुडबुडा मुद्दाम दाखवून ठेवा.

कांद्याशेजारी गालाच्या पेशींची स्लाइड लावलीत तर एक बारीक फरक जरूर सांगा. कांद्यात ऊती दिसते, पेशी एकमेकींना लागून. गालाच्या स्लाइडवर ऊती दिसत नाही. गालाच्या आतलं अस्तर अनेक थरांचं असतं, टूथपिकने फक्त वरच्या थरातल्या सुटलेल्या पेशी निघतात. मुलं वहीत ‘अभिस्तर ऊती’ (म्हणजे अस्तराची ऊती) लिहितात, लिहायला हवं ‘अभिस्तर ऊतीतून सुटलेल्या पेशी’.

सगळ्यात सुंदर दिसतं ते रिओ. सोसायट्यांच्या कडेला लावतात ते, पान वरून हिरवं, खालून जांभळं. पान तिरकं फाडलं की खालच्या बाजूचा जांभळा पापुद्रा सुटतो. रंग लावायची गरजच नाही. जांभळ्या पेशींच्या फरसबंदीत मध्ये मध्ये दोन हिरव्या रक्षक पेशी, त्यांच्यात पर्णरंध्राची फट. आता कव्हरस्लिपच्या एका कडेला ५ टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब सोडा (१०० मिलीलिटरला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर) आणि समोरच्या कडेला टिपकागद लावा. पाणी खाली सरकतं आणि दोन-तीन मिनिटांत जांभळा भाग भिंतीपासून सुटून मध्ये गोळा होतो, फटही मिटते. पेशीची भिंत जागच्या जागी उभी आणि आतला जीवद्रव आक्रसलेला. एक मूल नेत्रभिंगाला डोळा लावून आणि दुसरं थेंब सोडायला, अशी जोडी करा. हा बदल घडताना पाहायचा असतो.

स्थायी ऊतींसाठी (ज्यांच्या पेशी आता विभागत नाहीत) नारळ आणि पेरू. पेरू खाताना दाताखाली येणारे कण म्हणजे दृढ ऊतीतल्या अष्ठिपेशी, भिंती इतक्या जाड की आत जागाच उरत नाही. गराचा कणभर भाग स्लाइडवर चिरडून आयोडीन टाका, पुंजके दिसतील. सोललेला नारळ न घेता शेंडी-सालीसकट घ्या. बाहेरची गुळगुळीत साल, आत काथ्या, मग करवंटी, मग खोबरं. काथ्याही दृढ ऊती आणि करवंटीही दृढ ऊती, पण एकीत पेशी लांबट तंतूंच्या आणि दुसरीत आखूड दगडी पेशींच्या. म्हणून काथ्याचा दोर वळतो आणि करवंटी फुटते. खोबरं भ्रूणपोष (बीजातला अन्नसाठा) आहे, आणि शहाळ्याचं पाणी त्याच भ्रूणपोषाचं द्रव रूप: त्यात केंद्रकं तरंगत असतात, पण त्यांना वेगवेगळ्या पेशीभिंती नसतात. हुशार मुलांना हे सांगाच.

जलवाहिनीसाठी तेरडा. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण खोडात लाल शाई चढायला दोन तास पुरतात. पांढऱ्या किंवा फिकट फुलांचं झाड घ्या, त्याचं खोड जवळपास पारदर्शक असतं. खोड पाण्याखाली तिरकं कापा. हवेत कापलं तर जलवाहिनीत हवा शिरते आणि शाई चढत नाही, हा प्रयोग फसण्याचं मुख्य कारण हेच. गौरीच्या दिवसांत जांभळी नाक्याच्या बाजारात तेरडा मिळतो. येऊरला जाऊन उपटू नका, ते राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्र आहे. आडवा काप घ्यायला नवं पातं, पातं ओलं, करवतीसारखं मागेपुढे न करता एका ओढीत. १०-१५ काप पाण्यात तरंगवा आणि सर्वांत पारदर्शक तेवढा उचला. पातं शिक्षकांच्याच हातात.

शेवटचं, खास आपल्या भागाचं. उल्हास नदीत माजलेल्या जलपर्णीचा फुगीर देठ आडवा कापा. भिंगाशिवायही आत मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या हवेच्या पोकळ्या दिसतात. देठ पाण्याखाली दाबला की बुडबुडे येतात. ही वायू ऊती, हिच्यामुळेच वनस्पती तरंगते. ठाणे खाडीतल्या तिवराची जमिनीतून वर आलेली श्वसनमुळंही अशाच ऊतीने आतून सच्छिद्र असतात. पण कांदळवन संरक्षित आहे, एकही मूळ तोडायचं नाही. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात ती जागेवर पाहता येतात. जलपर्णी काम झालं की उन्हात वाळवून टाका, कुठल्याही तळ्यात सोडू नका. तिचा तुकडासुद्धा पुन्हा वाढतो.

नववी_ब_कळवा

फार उपयोगी पडलं, सर्वांचे आभार. दोन गोष्टी विचारते. रक्ताची स्लाइड वर्गात मुलाच्या बोटाला टोचून करावी का? आणि कायमस्वरूपी स्लाइडमध्ये चरबीच्या जागी नुसती पांढरी भोकं दिसतात आणि बाकी सगळं गुलाबी-जांभळं. मुलं विचारतात की शरीरात आतून हाच रंग असतो का.

ऊतीपरीक्षण_ठाणे

टोचू नका. रक्तातून पसरणाऱ्या आजारांचा धोका शाळेने घेऊ नये. तयार रक्तलेपाची स्लाइड शालेय साहित्याच्या दुकानात मिळते. त्यात तांबडी पेशी मोजपट्टी म्हणून वापरायला शिकवा: तिचा व्यास साधारण ७ ते ८ मायक्रॉन, आणि शेजारी दिसणाऱ्या कशाचाही अंदाज तिच्यावरून बांधता येतो. शरीरातल्या सुमारे ३० लाख कोटी पेशींपैकी बहुसंख्य याच तांबड्या पेशी आहेत.

रंगाचं उत्तर स्लाइड कशी बनते त्यात आहे. शरीरातून काढलेला तुकडा लगेच १० टक्के फॉर्मालिनमध्ये जातो, तुकड्याच्या निदान १० पट द्रवात. तुकडा तीन-चार मिलिमीटरहून जाड ठेवला तर फॉर्मालिन आत पोचेपर्यंत मधला भाग सडू लागतो आणि पेशींच्या कडा विरघळल्यासारख्या दिसतात. नंतर अल्कोहोलच्या चढत्या प्रमाणातून पाणी काढतात, ७० टक्क्यांपासून १०० पर्यंत. झायलिनने अल्कोहोल काढतात. मग सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या मेणात तुकडा मुरवतात. मेणाची वडी गार झाली की मायक्रोटोमवर (अतिपातळ काप घेणाऱ्या यंत्रावर) ४-५ मायक्रॉनचे काप, म्हणजे तांबड्या पेशीच्या व्यासापेक्षाही पातळ. ते कोमट पाण्यावर तरंगवून सुरकुती काढून काचेवर घेतात.

अल्कोहोल आणि झायलिन चरबी विरघळवतात. म्हणून चरबीपेशीची जागा रिकामी दिसते: पातळ कडा आणि कडेला सरकलेलं चपटं केंद्रक. ते भोक म्हणजे चरबीचा थेंब होता ती जागा. रंगही बाहेरून दिलेले आहेत, हिमॅटॉक्सिलिनने केंद्रकं निळी-जांभळी आणि इओसिनने बाकीचं गुलाबी. न रंगवलेला काप जवळपास पारदर्शक असतो. कापावर सरळ समांतर रेघा दिसल्या तर ते पात्याचे चरे, आणि गडद आडवा पट्टा म्हणजे काप दुमडलाय. मुलं या दोन्हींना स्नायूतंतू समजतात.

आता माझ्याकडून एक भर. ऊती बिघडली की अवयव कसा बिघडतो हे एका उदाहरणाने सांगा, आणि ते आपल्याकडचंच घ्या: सुपारी आणि गुटखा. निरोगी गालात वर अनेक थरांचं अस्तर आणि त्याखाली मऊ, लवचीक संयोजी ऊती असते. सुपारीतल्या ॲरेकोलीनमुळे त्या खालच्या थरातल्या तंतुपेशी प्रमाणाबाहेर कोलॅजेन (चिवट तंतूंचं प्रथिन) बनवतात आणि तो मोडून काढण्याचं काम मंदावतं. लवचीक थराच्या जागी दाट, कडक पट्टे तयार होतात. वरचं अस्तर पातळ, फिकट होतं, तिखट झोंबायला लागतं आणि तोंड उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं उभी ठेवून तोंडात जायला हवीत. दोनच जात असतील तर दंतवैद्याकडे जायचं. पुढे काही जणांत याच अस्तराचा कर्करोग होतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी मोकळी मिळते आणि नववीतली मुलं ती चघळतात. ऊतीचा धडा इथे थेट त्यांच्या तोंडापर्यंत येतो, म्हणून हे वगळू नका.

यकृताचंही असंच. सिरोसिसमध्ये यकृतपेशींच्या जागी व्रणासारखी तंतुमय ऊती भरत जाते. अवयव तोच, जागा तीच, पण आतल्या ऊतींचं प्रमाण आणि मांडणी बदलली की काम थांबतं. धूम्रपानात श्वासनलिकेचं रोमक अस्तर जाऊन त्या जागी सपाट पेशींचे थर येतात. धूर ते सोसतात, पण कफ वर ढकलायला रोमच उरत नाहीत. सकाळी खोकून खोकून तो काढावा लागतो तो त्यामुळे.

आणि कोणती ऊती किती वेगाने नवी होते ते फळ्यावर मांडा. लहान आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत, त्वचेचा वरचा थर महिनाभरात, तांबडी पेशी १२० दिवस. कास्थीत रक्तवाहिन्याच नाहीत म्हणून गुडघ्यातली कास्थी झिजली की भरून येणं कठीण. हृदय स्नायूच्या पेशी वर्षाला १ टक्क्याच्या आसपासच बदलतात. केमोथेरपी झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर वार करते, म्हणून केस, तोंडाचं अस्तर, आतडं आणि रक्त एकदमच मार खातात. घरात कुणाला पाहिलं असेल तर मुलं हे लगेच जोडतात, तेव्हा जपून बोला.

शरीरक्रिया_कोपरखैरणे

तिसरा प्रश्न राहिलाच, एक अवयव आणि दोन संस्था. स्वादुपिंड घ्या. त्याचा बहुतेक भाग पाचकरस बनवून नळीने लहान आतड्यात सोडतो, म्हणजे पचनसंस्था. त्याच्यात विखुरलेली पेशींची बेटं, वजनाने जेमतेम एक-दोन टक्के, इन्सुलिन थेट रक्तात सोडतात, म्हणजे अंतःस्रावी संस्था. टाइप १ मधुमेहात या बेटांतल्या बीटा पेशी नष्ट होतात आणि पाचकरस बनवणारा भाग बहुतांशी तसाच राहतो. एकाच अवयवात एक ऊती गेली, दुसरी राहिली. ‘संस्था’ ही आपण समजण्यासाठी केलेली वाटणी आहे, शरीरात तशी कुंपणं नाहीत. कोंबडीची आतडी मिळाली तर आतड्याच्या पहिल्या लांब वळणात अडकलेली फिकट गुलाबी पट्टी दाखवा, तेच स्वादुपिंड.

संस्था एकत्र कशा चालतात त्यासाठी शाळेचा जिना पुरेसा आहे. आधी बसून १५ सेकंद नाडी मोजून चारने गुणा, श्वासही मोजा. तीन मजले चढून-उतरून लगेच पुन्हा. उशीर करू नका, मिनिटभरात आकडे खाली येऊ लागतात. मनगटावर नाडी सापडत नसेल तर अंगठ्याच्या मुळाखाली दोन बोटं हलकी ठेवा. अंगठ्याने मोजू नका, त्याची स्वतःची नाडी लागते. मग पोटरीतल्या एका पेशीपासून सुरुवात करून विचारा: तिला ऑक्सिजन जास्त लागला हे बाकीच्यांना कळलं कसं? रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला, मेंदूच्या देठातल्या केंद्राने श्वासपटलाला हुकूम दिला. श्वासपटल पट्टकी स्नायूचं, पण काम श्वसनसंस्थेचं. विश्रांतीत हृदय मिनिटाला ५ लिटरच्या आसपास रक्त ढकलतं, जोरदार व्यायामात तेच १५-२० लिटरवर जातं, आणि त्यातला मोठा वाटा आतड्याकडून काढून स्नायूंकडे वळवला जातो. जेवून उठल्यावर लगेच धावलं की पोटात दुखतं याचा एक भाग इथे आहे. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या मुलांना जिन्यावर पाठवू नका, त्यांच्याकडे घड्याळ द्या.

नववी_ब_कळवा

ठरलं. पहिल्या जोडतासिकेत कांदा, रिओ आणि नारळ सगळ्यांसाठी, दुसरीत तंगडी, आणि ज्यांना नको त्यांच्यासाठी तेरडा व जलपर्णी. जिना मधल्या सुट्टीआधी. हाडातला खनिज पदार्थ वेगळा दाखवायचा असेल तर कसा?

शरीररचना_नौपाडा

तंगडीचं हाड स्वच्छ खरवडून काचेच्या बरणीत घाला आणि २०० मिली पांढरं व्हिनेगर ओता. बारीक बुडबुडे येतील, म्हणून झाकण घट्ट लावू नका. तिसऱ्या दिवशी व्हिनेगर बदला, एकाच व्हिनेगरात ठेवलं तर आम्ल संपतं आणि प्रयोग अर्ध्यावर थांबतो. पाच ते सात दिवसांत हाड रबरासारखं वाकतं. खनिज गेलं, राहिलं ते कोलॅजेन. दुसरं हाड विस्तवावर पांढरं होईपर्यंत भाजा. त्यात कोलॅजेन जळून खनिज उरतं आणि बोटाने चुरा होतो. दोन्ही शेजारी शेजारी ठेवा. वाकणारं हाड मधोमध अजून कडक लागलं तर आणखी दोन दिवस ठेवा, आम्ल बाहेरून आत जातं. टोकाची कास्थी मात्र पहिल्या दिवशी होती तशीच राहील, कारण काढून घेण्यासारखं खनिज तिच्यात फारसं नव्हतंच.